संगणकशास्त्रातील पीएच.डी. : रचना, उद्दिष्टे आणि बालाघाटचे प्रश्न

प्रस्तावना
संगणकशास्त्रातील पीएच.डी.चा मूळ हेतू स्वतंत्रपणे प्रश्न शोधणारा व उत्तर तपासून पाहणारा संशोधक घडविणे हा आहे. ग्वाल्हेरला जन्मलेले नरेंद्र करमरकर यांनी १९८३ मध्ये बर्कले येथे रिचर्ड कार्प यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. मिळविली. त्यांचे नाव जगभर झाले ते १९८४ मध्ये बेल लॅबोरेटरीजमध्ये मांडलेल्या लिनिअर प्रोग्रामिंगच्या पद्धतीमुळे. प्रबंधाने संशोधक घडविला व त्याचे मोठे काम नंतर झाले. आपल्याकडील नियम हा हेतू कितपत साधतात, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

रचना
विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ची मुदत किमान ३ व कमाल ६ वर्षे आहे. फेरनोंदणीने आणखी २ वर्षे मिळतात. महिलांना त्यापुढेही २ वर्षांची सवलत आहे. किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम, संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगतीचा आढावा, बाह्य परीक्षकांकडून मूल्यमापन आणि मौखिक परीक्षा असे पुढचे टप्पे आहेत. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करण्याची वाटही या नियमांनी स्पष्ट केली. महाविद्यालयीन शिक्षकांसाठी ही तरतूद निश्चितच स्वागतार्ह आहे.

मर्यादा
प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापण्याची अट २००९ मध्ये आली व २०१६ मध्ये वाढली. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांना त्यातून आयते गिऱ्हाईक मिळाले. २०२२ मध्ये ही अट काढली हे योग्यच झाले. परंतु तिच्या जागी दुसरी कसोटी आली नाही. संगणकशास्त्रात अशी कसोटी सहज लावता येते. प्रोग्राम व विदा खुली ठेवल्यास दुसरा संशोधक तोच प्रयोग करून निष्कर्ष पडताळू शकतो. नियम वर्षे व श्रेयांक मोजतात. ही पडताळणी मात्र विद्यापीठाच्या मर्जीवर राहते.

दुसरी मर्यादा आर्थिक आहे. अल्पसंख्याक संशोधकांसाठी २००९ मध्ये सुरू झालेली मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती २०२२-२३ पासून बंद झाली. इतर योजनांशी ती जुळत असल्याचे कारण शासनाने दिले. २० वर्षांवरील मुस्लिमांमध्ये पदवी-पदविकाधारकांचे प्रमाण ४ टक्क्यांहून कमी असल्याचे सच्चर समितीने २००६ मध्ये दाखविले होते. अशा समाजातील मुलीला मुदतीतील सवलत मिळाली तरी त्या वर्षांचा खर्च कोणी उचलायचा, हा प्रश्न राहतोच. अर्धवेळ वाटही नोकरी असणाऱ्यालाच उपयोगी पडते.

बालाघाटचा संदर्भ
गाइड जबलपूरला किंवा नागपूरला आणि संशोधक बालाघाटच्या वर्गात, अशी स्थिती असेल तर विषय बहुधा तयार विदासंचावरून निवडला जातो. त्यात दुसऱ्याची पद्धत थोडी बदलून अचूकता किंचित वाढविली जाते. वास्तविक या जिल्ह्यात प्रश्नांची वाण नाही. येथे गोंडी, पोवारी, मराठी व हिंदी या भाषा नांदतात. पोवारीसारख्या बोलीचा संगणकाला उपयोगी पडेल असा मजकूर फार थोडा आहे. २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या चिन्नौर तांदळाचे वाण छायाचित्रांवरून ओळखणे हाही कठीण प्रश्न आहे. मलाजखंडची तांब्याची खाण व भरवेलीची मँगनीजची खाण यांतूनही विषय मिळू शकतात. या विषयांची विदा प्रथम गोळा करावी लागते. ते काम वेळखाऊ असले तरी संशोधनाचे खरे शिक्षण त्यातच होते.

निष्कर्ष व सूचना
पीएच.डी.ची चौकट आज पूर्वीपेक्षा लवचिक आहे, परंतु उद्दिष्टाची कसोटी तिच्यात ढिली आहे. त्यासाठी पुढील गोष्टी महाविद्यालयांच्या पातळीवरही करता येतील :
१) प्रबंधासोबत प्रोग्राम व विदा ग्रंथालयात जमा करावी.
२) नोंदणी केलेल्या शिक्षकाचे आठवड्याचे काही तास संशोधनासाठी मोकळे ठेवावेत.
३) शिक्षणसंस्थांनी आपल्या निधीतून, विशेषतः मुलींसाठी, छोट्या अधिछात्रवृत्त्या सुरू कराव्यात.

पदोन्नतीसाठी पदवी आवश्यक आहे हे नाकारता येत नाही. मात्र पदवीनंतर ज्या शिक्षकाच्या हातून दुसरा प्रश्न सुटत नाही, त्याच्या बाबतीत अभ्यासक्रमाचे उद्दिष्ट अपुरेच राहिले असे म्हणावे लागते.