सुटलेली गाठ हाडांत दिसते

उंदराच्या पेट स्कॅनमध्ये गुडघे आणि खांदे उजळले, की प्रयोग करणाऱ्याला शंका येते ती जोडणीची. प्रतिपिंडाला बांधलेलं किरणोत्सारी झिर्कोनियम वाटेत सुटलं आणि हाडांत जाऊन बसलं. गाठ शोधायला निघालेल्यांची आपलीच गाठ कच्ची निघते.

प्रतिपिंड रक्तातून कर्करोगाच्या गाठीत पुरेसा साचायला काही दिवस घेतो. ११० मिनिटांत निम्मं होणारं फ्लोरिन-१८ तिथे काय कामाचं? झिर्कोनियम-८९ चं अर्धायुष्य सुमारे ७८ तास, म्हणून चाल जुळते. पण मग पकडही तितके दिवस टिकायला हवी, आणि त्यासाठी हे क्षेत्र अजूनही एका जुन्या औषधावरच भागवतं: डेफेरॉक्सामाइन (डीएफओ). थॅलेसेमियाच्या मुलांच्या आईवडिलांना ते ठाऊक असतं. साठलेलं लोह काढायला तासन्‌तास पंपानं कातडीखाली द्यायचं ते. मुळात एका जिवाणूनं लोह पकडायला घडवलेला हा चिमटा. त्याला सहा टोकं, लोहाला तेवढी पुरतात. झिर्कोनियमला आठ हवी असतात. उरलेल्या जागांवर पाणी येऊन बसतं आणि पकड सैल राहते.

चर्चा बहुतेक चिमट्याचीच होते. त्याला प्रथिनाशी जोडणारा दुवा मात्र पद्धतीच्या परिच्छेदात एका ओळीत उरकला जातो, ही माझी तक्रार. सुरुवातीच्या एस्टरच्या रीतीत चिमट्यात आधी लोह भरायचं, जोडणी झाल्यावर ते ईडीटीए या दुसऱ्या चिमट्यानं काढायचं, तेही आम्लात. नाजूक प्रथिनाला ही शिक्षाच. २०१० च्या सुमारास आयसोथायोसायनेट आलं आणि काम सोपं झालं. किंचित क्षारीय द्रावण, ३७ अंश, तासाभराचा अवधी, बस्स. म्हणून तेच रूढ झालं. पण ते प्रथिनावरच्या कुठल्याही लायसीनला चिकटतं. प्रतिपिंड ज्या टोकानं गाठीला पकडतो, नेमकं त्याजवळ चिकटलं तर प्रतिपिंड आंधळा होतो. शिवाय त्यातून तयार होणाऱ्या थायोयुरिया बंधात गंधक असतं. क्लोराइड असलेल्या द्रावणात किरणांमुळे हायपोक्लोराइट तयार होतं आणि ते या गंधकावरच घाव घालतं. म्हणून जाणकार साधं सलाइन टाळतात, जेंटिसिक आम्ल घालतात.

मॅलेइमाइड सिस्टीनला धरतं. जागा बरीचशी ठरलेली, पण बंध उलटू शकतो आणि रक्तातलं अल्ब्युमिन चिमटा पळवून नेतं. प्रतिपिंडाच्या शेपटाकडच्या साखरसाखळ्यांवर विकरांच्या मदतीनं एकमेकांत खटकन अडकणाऱ्या गटांची क्लिक-जोडणी करणं मला सगळ्यांत पटतं: बंध पक्का, पकडीचं टोक मोकळं. पायऱ्या मात्र जास्त, खर्चही.

यांतलं सरस कोणतं, हे ठरवणं अवघड, कारण प्रत्येक गटाचा प्रतिपिंड निराळा, उंदीर निराळा, स्कॅनचा दिवसही निराळा. परीक्षानळीतल्या जोडणीची टक्केवारी मिरवणारे लेख तर मी आता भरभर उलटतो. सहाव्या दिवशी हाडांत किती उरलं, ते सांगा.

आठ टोकांचा डीएफओ-स्टार २०१४ मध्ये आला. उंदरांच्या हाडांतला उजेड त्यानं कमी केला. पाण्यात नीट न विरघळण्याची त्याची खोड काढायला पुढे ऑक्सोडीएफओ-स्टार घडवावा लागला. तरी जुना चिमटा हटत नाही. माणसांत हाडांचा उजेड उंदरांइतका ठळक नसतो, हे त्याच्या बाजूचं नेहमीचं उत्तर. पण स्तनाचा आणि प्रोस्टेटचा कर्करोग अनेकदा हाडांत पसरतो. तिथे मणक्यावर एक फिका ठिपका दिसला, तर तो रोगाचा की सुटलेल्या धातूचा, हे डॉक्टरनं कशावरून ठरवायचं?