गाडीच्या फोटोत कारागीर हवा

गाड्यांचे फोटो काढणारे हौशी आता गावोगाव आहेत. अंजनवेलसारख्या खाडीकाठच्या गावातही वळणावरून येणारी एसटी टिपणारी, दाभोळ-धोपावे फेरीबोटीतून उतरणारे ट्रक टिपणारी मुले भेटतात. फोटो नेटके असतात, उजेडाची जाणही चांगली असते. पण ते एकामागून एक पाहत गेले की एक उणीव टोचू लागते. ती गाडी कोणी घडवली, कोणी रंगवली, हे त्यांतून कळत नाही. वाहनांच्या छायाचित्रणाची आपल्याकडची आजची स्थिती मला या एका उणिवेत दिसते.

याहून वेगळेही घडू शकते, हे पाहायला थोडे दूर जावे लागेल. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरे जुन्या फोर्ड गाड्या स्वस्तात घेत, मडगार्ड आणि बॉनेट काढून टाकत, इंजिनाचा जोर वाढवत आणि एल मिराजसारख्या आटलेल्या तळ्यांच्या सपाट पात्रात त्या पळवत. फोर्डने १९३२ मध्ये साध्या माणसाला परवडणारे व्ही-८ इंजिन आणले, त्यावर हा सगळा खेळ उभा राहिला. या गाड्या म्हणजे हॉट रॉड. दुसऱ्या बाजूला जॉर्ज आणि सॅम बॅरिस हे बंधू गाडीचे खांब कापून छप्पर खाली आणत, पत्रा वितळलेल्या शिशाने भरून गुळगुळीत करत. बॉब हिरोहाटा या गिऱ्हाइकासाठी त्यांनी घडवलेली १९५१ ची मर्क्युरी आजही या कलेचा मानदंड मानली जाते. जानेवारी १९४८ मध्ये ‘हॉट रॉड’ मासिक निघाले. अँडी साउदर्डसारखे हौशी छायाचित्रकार, जे स्वतः या गाड्यांच्या वेडाने झपाटलेले होते, वर्षानुवर्षे रंगीत फोटो काढत राहिले आणि पुढे त्यांची पुस्तके झाली.

त्या फोटोंचे मोल केवळ रंगांत किंवा चकाकीत नाही. छप्पर कोणी कापले, रंग कोणी मारला, इंजिन कोणी बांधले, आतली गादी कोणी शिवली, हे फोटोखाली लिहिण्याची त्या मासिकांची रीत होती. त्यामुळे एखाद्या गॅरेजातला वेल्डरही नावानिशी इतिहासात राहिला. छायाचित्रकार त्याच जगातला होता, म्हणून कोणता प्रश्न विचारायचा हे त्याला ठाऊक होते.

आपल्याकडे हॉट रॉड झाले नाहीत, याची कारणे कारागिरांच्या हातात शोधू नयेत. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली खरी, पण परवान्यांच्या राज्यात नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागे. अशा देशात जुनी गाडी कापायला कोण देणार? मेकॅनिकचे सगळे कसब गाडी चालू ठेवण्यात खर्ची पडले. पुढे कायदाही आडवा आला. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि त्यावरचा जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांनी, कारखान्याने ठरवलेल्या मूळ रचनेत मालकाला मनासारखे फेरफार करण्याची वाट जवळजवळ बंद केली.

हौस मात्र बंद होत नाही. ती पत्र्यावरून पाटीवर गेली. ‘४१४१’ असे वळण देऊन ‘दादा’ लिहिणारा नंबरप्लेटवाला हा माझ्या मते गेल्या काही दशकांतला आपला सर्वांत लोकप्रिय अक्षरकार आहे. ते बेकायदेशीर होते आणि रस्त्यावरच्या सुरक्षेच्या दृष्टीने नियम योग्यच आहे. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या वाहनांना उच्च सुरक्षा पाटी सक्तीची झाली, नंतर जुन्यांनाही. म्हणजे एक हस्तकला आपल्या डोळ्यांदेखत संपते आहे. तिचे फोटो समाजमाध्यमांवर गंमत म्हणून फिरले. दुकानात बसून ते आकडे वळवणाऱ्याचा, त्याच्या ब्रशाचा, त्याच्या नमुन्यांच्या वहीचा नीट काढलेला फोटो मी अजून पाहिलेला नाही. २०१५ मध्ये राज्याच्या परिवहन खात्याने ट्रकांच्या पाठीवरच्या ‘हॉर्न ओके प्लीज’वर बंदी आणली, तेव्हाही चर्चा आवाजाची झाली, पेंटरची नाही.

मोठ्या छायाचित्रकारांकडे वळावे तर रघुबीर सिंग यांचे ‘अ वे इन्टू इंडिया’ आठवते. ते त्यांच्या निधनानंतर, २००२ मध्ये, निघाले. अ‍ॅम्बॅसेडरच्या काचांतून, दारांतून, आरशांतून दिसणारा देश त्यात आहे. पुस्तक थोर आहे, पण त्यात गाडी ही चौकट आहे. चौकट घडवणारा हा त्यांचा विषयच नव्हता. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीचे उदाहरण मला जास्त बोचते. ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेवला नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा वर्तमानपत्रे फोटोंनी भरली. बहुतेक फोटो काळ्या-पिवळ्या रंगाचे आणि हळहळीचे. ‘टॅक्सी फॅब्रिक’ या उपक्रमाने २०१५ पासून टॅक्सींच्या आसनांवर आणि छतांवर तरुण चित्रकारांचे काम आणले आणि त्यांची नावेही लोकांपुढे आली, हे फार चांगले झाले. त्याआधी कित्येक दशके रेक्झिनची छते आणि आसने शिवणाऱ्यांची अशी नोंद मला कुठे सापडलेली नाही.

सगळ्यांत आशा वाटावी असे काम एसटीप्रेमींचे आहे. १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी धावली, ती बेडफोर्डच्या सांगाड्यावरची लाकडी बॉडीची गाडी. तेव्हापासून एसटीची खरी ओळख तिच्या कार्यशाळांत घडली आहे. कंपनीकडून सांगाडा यायचा आणि दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथले कामगार त्यावर बॉडी चढवायचे. हे ओळखण्याची खूण या छंदिष्टांना पाठ आहे: एमएच १४ बीटी म्हटले की दापोडी, एमएच २० बीएल म्हटले की चिकलठाणा. अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीवरच्या रिव्हेटांच्या रांगा, खिडक्यांचे पत्रे, मागच्या शिडीची ठेवण यांवरून ते कार्यशाळा सांगतात. हे ज्ञान थेट साउदर्डच्या जातकुळीचे आहे. अलीकडे पोलादी बॉडी आली, आणि जुन्या पत्र्याची गाडी दिसली की ते धावत जाऊन फोटो घेतात.

फोटो घेतात तो मात्र ठरलेल्या कोनातून: पुढून, किंचित बाजूने, आगाराची पाटी आणि नंबर स्पष्ट. ओळखपत्राला हा कोन ठीक आहे. खाऱ्या हवेने पत्रा कुठे खाल्ला, आगारातल्या फिटरने ठिगळ कसे लावले, हजारो तळव्यांनी दांडा कुठे झिजला, हे कोकणातल्या गाडीचे खरे चरित्र त्या कोनातून दिसत नाही. खंडेनवमीला आगारात हत्यारांची पूजा होते, तेव्हाही कॅमेरा झेंडूच्या माळेवर जातो, पान्यांवर जात नाही.

अंजनवेलच्या बाबतीत मला सर्वांत जवळचा वाटणारा विषय रस्त्यावरचा नाहीच. हॉट रॉडचे मूळ तत्त्व, एका यंत्रातला जोर काढून दुसऱ्या देहात बसवायचा, हे आमच्या किनाऱ्यावर मच्छीमार नौकांनी पाळले. ट्रकसाठी बनलेले इंजिन समुद्राच्या कामासाठी बदलून नौकेत बसवायचे, पंख्याचा दांडा जुळवायचा, खाऱ्या पाण्याने थंडाव्याची सोय करायची, हे काम बंदरांवरच्या मिस्त्रींनी करून दाखवले. वर रंगकाम, नाळेवरचे डोळे किंवा देव, मागे नाव आणि गाव. २६/११ नंतर सुरक्षेसाठी नौकांना राज्यवार रंग ठरवून दिले गेले, लाकडाची जागा फायबर घेऊ लागला, आणि रंगाऱ्याला मोकळी जागा कमी उरली. तरी नावाची अक्षरे अजून त्याच्या हातची असतात.

नौकांचे फोटो काढायला लोक येतात ते नारळी पौर्णिमेला. पताका लागलेल्या असतात, सोन्याचा नारळ असतो, गर्दी असते. पण काम त्याआधी झालेले असते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, नौका शाकारलेल्या, इंजिने उघडलेली, आणि पाऊस उघडला की ताडपत्रीखाली रंगारी बसलेला. वसिष्ठीच्या मुखाशी, गोपाळगडाच्या पायथ्याच्या या पट्ट्यात छायाचित्रकाराने यायचे ते जुलैत. चिखल असेल, उजेड कमी असेल, सुतार बोलायला राजी नसेल. त्याला आधी नाव विचारावे, मग त्याच्या हातातले हत्यार कसले ते विचारावे, आणि दोन्ही फोटोखाली लिहून ठेवावे.