गोष्ट ऐकणं आणि गोष्ट करणं



आजचा विषय ऐकून काहींनी भुवया उंचावल्या असतील. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने लोणावळ्यात येऊन व्हिडिओ गेमवर का बोलावं? कारण असं की आम्ही ज्या खेळांबद्दल बोलणार आहोत त्यांत गोळीबार नाही, गुण नाहीत, जिंकणं-हरणं नाही. दोन-चार जणांच्या छोट्या गटाने केलेले, पुणे-लोणावळा लोकलच्या एका फेरीत संपतील इतके लहान. त्यांत एक गोष्ट असते आणि ती पुढे न्यायचं काम आपल्या बोटांकडे असतं. लोकांना हे इतकं का आवडतं, हा आजचा प्रश्न.

एक उदाहरण घेऊ. मेलबर्नच्या 'माउंटन्स' या गटाचा 'फ्लॉरेन्स' हा खेळ २०१८ साली आला. जेमतेम अर्ध्या-पाऊण तासाचा. फ्लॉरेन्स नावाची तरुणी आणि क्रिश नावाचा चेलोवादक यांची भेट, प्रेम, एकत्र राहणं आणि दुरावा. कथानक म्हणाल तर शंभर वेळा ऐकलेलं. पण ते सांगितलंय कसं पाहा. पहिल्या भेटीत फ्लॉरेन्सला बोलायचं असतं तेव्हा तिच्या वाक्याचे तुकडे आपल्याला जुळवावे लागतात. ओळख वाढते तसे तुकडे कमी होतात, बोलणं सोपं होतं. पुढे भांडण होतं तेव्हा तेच तुकडे टोकदार होतात. क्रिश घरात राहायला येतो तेव्हा त्याच्या वस्तू फळीवर मांडायच्या असतात, पण जागा तेवढीच. म्हणजे तिचं काहीतरी खाली काढावं लागतं. काय काढायचं, ते तुम्ही ठरवायचं. संसार म्हणजे तडजोड, हे वाक्य खेळात कुठेच नाही. ते आपल्या हाताला कळतं.

आता इथे आमच्या विषयाचा एक जुना प्रश्न येतो. भट्टनायक आणि अभिनवगुप्त साधारणीकरण सांगतात. रंगभूमीवरचं दुःख माझंही नसतं आणि परक्याचंही नसतं, म्हणूनच त्याचा रस होतो. सहृदय अंतर राखून बसलेला असतो. मग जो स्वतः वस्तू उचलतोय, त्याचं अंतर कुठे राहिलं? काही टीकाकार म्हणतात, इथे कला संपते आणि खेळ सुरू होतो. आम्हाला ते पटत नाही. फळीवरची वस्तू काढताना दुःख फ्लॉरेन्सचंच असतं, हात मात्र आपला असतो. अंतर नाहीसं होत नाही, ते जागा बदलतं. नाटकाचा प्रेक्षक 'तिचं काय होणार?' असं विचारतो. खेळणारा 'मी हे का केलं?' असंही विचारतो. हा दुसरा प्रश्न नीतिशास्त्राचा आहे, आणि तो करमणुकीच्या वाटेने आला म्हणून हलका ठरत नाही.

लहान असण्याचंही कारण आहे. कथानक एका दमात स्मरणात मावेल एवढं असावं, असं अॅरिस्टॉटल सांगून गेला. चाळीस-पन्नास तासांच्या खेळात सुरुवात विसरली जाते, कृती सवयीची होते. अर्ध्या तासात प्रत्येक कृती पहिल्यांदाच होते, म्हणून ती लक्षात राहते.

या कसोटीवर आपल्या पुण्याचा खेळ लावून पाहू. 'नॉडिंग हेड्स गेम्स' या पुण्यातल्या गटाने २०२० साली 'राजी : अॅन एन्शन्ट एपिक' आणला. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला होता, तरी त्यांनी काम सोडलं नाही. त्या वर्षीच्या 'गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या गटात नामांकनही मिळालं. असुरांनी पळवलेल्या भावाला शोधणारी राजी, तिची कथा सांगणारे विष्णू आणि दुर्गा, भिंतींवरची पुराणचित्रं, सावल्यांच्या बाहुल्यांसारखे प्रसंग. हे सगळं देखणं आहे. पिंगुळीचे चित्रकथी ज्यांना ठाऊक आहेत त्यांना ते जवळचं वाटेल. आमची तक्रार वेगळी आहे. राजीमध्ये गोष्ट आपण ऐकतो आणि लढाई आपण करतो. भित्तिचित्रापाशी थांबलं की देव कथा सांगतात, चार पावलं पुढे गेलं की पुन्हा त्रिशूळ. ऐकणं एका रुळावर, करणं दुसऱ्या रुळावर. बहिणीची माया राजीच्या हातातून व्यक्त होत नाही, ती निवेदनातून कळते. शिवाय शेवट अर्धवट तुटतो. पुण्यातल्या लोकांनी एवढं उभं केलं याचा अभिमान जरूर बाळगावा, पण अभिमान म्हणजे समीक्षा नव्हे.

टोरंटोच्या 'व्हिसाई गेम्स'चा 'वेन्बा' (२०२३) याच्या उलट आहे. कॅनडात गेलेलं तमिळ कुटुंब, आईची फाटकी पाककृतींची वही, पुसलेल्या ओळी. इडली नीट व्हायला ती ओळ आपल्यालाच जुळवावी लागते. भाषा आणि घर हातातून कसं निसटतं, ते स्वयंपाकातच कळतं. त्याला २०२४ मध्ये बाफ्टाचा पदार्पण पुरस्कार मिळाला. देवदेवता नाहीत, भव्य मंदिरं नाहीत. एक स्वयंपाकघर पुरलं.

मग आपल्याकडे काय आहे? आपण बसलोय ते गाव टाटांच्या तलावांनी वेढलेलं आहे. इथल्या पाण्यावर १९१५ साली खोपोलीचं वीजघर सुरू झालं आणि मुंबईला वीज मिळाली. पुढे मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्याचे पुढारी झाले. तो लढा आपण भाषणांत सांगतो. पण पाणी येणार म्हणून घर रिकामं करणारी बाई, एकच बैलगाडी आणि गाडीत न मावणारं घर, हा अर्ध्या तासाचा खेळ कोणी केला तर? जातं घ्यायचं की उंबऱ्यातला दगड? धान्याची कणगी की देव्हारा? खेळणारा ठरवेल आणि काहीही ठरवलं तरी काहीतरी मागे राहील. विस्थापन म्हणजे काय, हे आमच्या दहा व्याख्यानांपेक्षा त्याला अधिक कळेल.

एक आक्षेप उरतो, की अशा खेळांतली निवड बहुधा खोटी असते. काहीही केलं तरी शेवट तोच. खरं आहे. त्या बाईलाही पाणी थांबवता आलं नसतं. शेवट हातात नसताना काय उचलायचं एवढंच हातात असणं, ही अनेकांच्या आयुष्याची खरी स्थिती आहे, आणि ती नेमकी पकडायची ताकद या छोट्या प्रकारात आहे.

तेव्हा घरातला तरुण मुलगा वा मुलगी असं काही खेळताना दिसली, तर वेळ वाया घालवतेस म्हणण्याआधी अर्धा तास शेजारी बसा. आणि मध्ये एकदा फोन स्वतःच्या हातात घ्या. नुसतं बघून यातलं फारसं कळायचं नाही.