‘आनंद’मध्ये नसलेले घर

हृषीकेश मुखर्जींच्या ‘आनंद’ने (१९७१) हसत मरणारा कॅन्सररुग्ण दाखवला. आम्हालाही तो आवडतो. पण आनंद मुंबईत एकटा येतो. मित्र जमतात, उशाशी जागणारी आई, बायको नसते. म्हणून प्रेक्षक रडतो, थकत नाही. घरातले दुखणे थकवते. इयादतला आलेले दुआ देऊन परततात. मॉर्फिनच्या वेळा सांभाळते ती सूनच. अखेरच्या दिवसांतील कॅन्सररुग्णांसाठी १९८६ साली वांद्र्यात ‘शांती अवेदना सदन’ हे देशातले पहिले हॉस्पिस उभे राहिले. तरी अब्बांना अशा ठिकाणी नेणे म्हणजे टाकून देणे, असे घराला वाटते. ही घालमेल आमच्या कथेत यायला हवी. शिफा लाभली नाही, तरी खिदमत वाया जात नाही.