एक निरोप, चार तारा

मंडळी, समोर चारठाण्याचे, येलदरीचे टाळकरी बसलेत, म्हणून सुरुवात भजनापासूनच करतो. बुवा म्हणतात, “काळी एक.” म्हणजे सगळ्यांनी एकच पट्टी दाबून बसायचं का? नाही. वीणेकरी तारा लावतो, पखवाजी गट्टे ठोकून पान सुरात आणतो. बुवांनी षड्ज सांगितला. त्याचं काय करायचं, ते ज्याचं त्यानं बघायचं.

आता संगणकाकडे येऊ. जेम्स मॅकार्टनी यांनी १९९६ साली आणलेलं सुपरकोलायडर २००२ पासून सगळ्यांना मोफत, मोकळं आहे. त्याचे दोन भाग: एकात आपण आज्ञा लिहितो, दुसरा, म्हणजे सर्व्हर, आवाज काढतो. मधे निरोप चालतात. सर्व्हरवरच्या प्रत्येक सिंथेसायझरला क्रमांक असतो. त्या क्रमांकाला निरोप धाडला की तेवढाच बदलतो; गटाला धाडला की गटातले सगळे बदलतात. याचं कौतुक फार होतं. आमची हरकत तिथंच आहे.

तंबोरा घ्या. षड्ज २४० हर्ट्‌झ धरला, तर पंचमाची तार १८०, जोडीच्या दोन २४०, खर्जाची १२०. चार तारांचे चार सिंथेसायझर, त्यांचा एक गट. षड्ज २५० करायचा म्हणून गटाला ‘वारंवारता २५०’ असं कळवलं, तर चारही तारा २५० वर जातात. पंचम गेला, खर्जही गेला. निरोप मात्र बिनचूक पोचला!

दोष सर्व्हरचा नाही, आपण निवडलेल्या शब्दाचा आहे. गटाला ‘षड्ज’ सांगावा. पाऊणपट, एकपट की निमपट, हा हिशेब प्रत्येक तारेजवळ ठेवावा. मग २५० म्हणताच पंचम १८७.५ होतो, खर्ज १२५.

श्रेयही द्यायला हवं. इथं निरोपात अपूर्णांक चालतो. षड्ज २४० असताना समान अंतरांच्या पट्टीत गांधार ३०२.४ च्या आसपास पडतो; आपल्याला ३०० हवा असेल, तर तो मागता येतो. तयार कीबोर्डवर जे मिळेल त्यावर भागवणाऱ्या आमच्या पोरांसाठी ही मोठी गोष्ट आहे.

पण बुवांचा कान त्या निरोपात नसतो. तार उतरली की पखवाजी बुवांकडे बघतो. सिंथेसायझर कुणाकडंच बघत नाही. म्हणून सगळ्यांना काय सांगायचं आणि ज्याच्या-त्याच्याकडं काय सोडायचं, हे लिहिणाऱ्यानं आधीच ठरवावं लागतं. पोरांनी हे यंत्र जरूर शिकावं. त्याआधी चार रात्री भजनात बसावं.