‘पिनबॉल’ (१९८४) : एका दुर्लक्षित व्हिडिओ गेमचे पुनर्मूल्यांकन

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात घरोघरी संगणक येण्याच्या कितीतरी आधी व्हिडिओ गेम आला. ‘समुराई’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांनी विकली जाणारी, दूरचित्रवाणी संचाला जोडावयाची ती यंत्रे म्हणजे जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ मध्ये आणलेल्या ‘फॅमिली कॉम्प्युटर’ची अनुकरणे होत. निफाड तालुक्यातील विंचूरसारख्या बाजाराच्या गावी या पिढीला विचारले, तर ‘कॉन्ट्रा’ व ‘मारिओ’ ही नावे तत्काळ निघतात. त्याच ‘कॅसेट’च्या लांबलचक यादीत असलेला ‘पिनबॉल’ मात्र सहसा कोणाला आठवत नाही. ही उपेक्षा अन्यायकारक आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

पिनबॉलचे मूळ आपल्याकडेही परिचित असलेल्या बॅगाटेलमध्ये आहे. खिळे ठोकलेली उतरती फळी, काठीने ढकललेली गोळी आणि नशिबाने मिळणारे गुण, असे त्याचे स्वरूप. १८७१ मध्ये मॉन्टेग्यू रेडग्रेव्ह यांनी त्यातील काठीच्या जागी स्प्रिंगचा दट्ट्या बसविण्याचे पेटंट घेतले, आणि १९४७ च्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्राने गोळी परतविणाऱ्या विजेवरच्या दांड्या आणल्या. नशिबाच्या खेळात कौशल्याचा प्रवेश झाला तो या दांड्यांमुळे.

निन्टेन्डोचा ‘पिनबॉल’ हा संपूर्ण इतिहास अवघ्या २४ किलोबाइटांत बसवितो. त्याचे प्रोग्रॅमिंग सातोरू इवाता यांचे. हेच इवाता पुढे २००२ ते २०१५ या काळात निन्टेन्डोचे अध्यक्ष होते. डावी दांडी डाव्या अंगठ्याच्या बटणावर, उजवी उजव्या अंगठ्याच्या बटणावर, एवढीच नियंत्रणे. तरीही गोळीला वजन आहे असे खेळणाऱ्यास सतत वाटत राहते. तंत्रदृष्ट्या यात दोष नाही असे नाही. फळी दोन स्थिर पडद्यांत विभागलेली असल्याने गोळी वर जाताच दृश्य एकदम बदलते व नजर क्षणभर चुकते. पण लाख गुण झाले की दांड्याच अदृश्य होतात, आणि खेळाडूला केवळ हाताच्या सवयीवर विसंबावे लागते. ही कल्पना आजही धीट वाटते.

खेळातील सर्वांत अर्थपूर्ण भाग एका विशिष्ट छिद्रात गोळी गेल्यावर उघडतो. तेथे मारिओ डोक्यावर पट्टी धरून धावतो आणि गोळी झेलून वर उडवितो. वर ‘डाँकी काँग’ (१९८१) मधील नायिका अडकलेली असते. तिच्याखालचे सर्व दिवे एकाच रंगाचे झाले की आधाराचा एक ठोकळा नाहीसा होतो. शेवटचा ठोकळा गेला की ती खाली पडते. झेलली तर जादा गुण, जमिनीवर पडली तर गोळी गमवावी लागते. म्हणजे तिला सोडविणारा प्रत्येक यशस्वी फटका तिचा आधारही काढून घेतो. गुणांच्या खेळात अशी जबाबदारी सहसा आढळत नाही. (नायिकेला दुसरे काहीच करावयाचे नसते, हा त्या काळाचा दोष येथेही आहे.)

आपल्याकडच्या खेळाडूंपैकी कितीजण या दृश्यापर्यंत पोहोचले असतील? अनुकृत कॅसेटसोबत नियमपुस्तिका नसे. कर्त्याचा, कंपनीचा, सालाचा उल्लेख बहुधा पुसलेला असे. उरे तो यादीतला एक क्रमांक. ज्या चोरट्या व्यापाराने ही कृती गावोगाव नेली, त्यानेच तिला अनामिक केले. लोकगीताची अनामिकता आणि ही अनामिकता यांत भेद केला पाहिजे, कारण येथे कर्ता ज्ञात होता व त्याचे नाव खोडले गेले. परिणामी ‘पिनबॉल’कडे रचना म्हणून पाहण्याची दृष्टीच निर्माण झाली नाही, तो दोन मोठ्या खेळांमधला वेळ घालविण्याचा प्रकार ठरला. वास्तविक भारनियमनाच्या दिवसांत तोच अधिक सोयीचा होता. गुण साठविण्याची सोय त्यात नाही, पण तीन-चार मिनिटांच्या एका डावात तो पुरा अनुभव देतो. वीज गेली, तर गमावण्यासारखे फारसे काही नसे.

२०२२ मध्ये निन्टेन्डोने आपल्या वर्गणीच्या सेवेत हा खेळ मूळ रूपात पुन्हा उपलब्ध केला, त्यामुळे तो त्याच्या सालासह व निर्मात्यासह अभ्यासता येतो. माळ्यावर पडलेल्या जुन्या कॅसेटमध्येही तो सापडण्याचा संभव आहे. त्या छिद्राचा शोध मात्र आधी घ्यावा.