रेझियाचे काय झाले?

व्हर्जिनिया वुल्फची ‘मिसेस डॅलोवे’ ही कादंबरी १९२५ सालची. तिच्यातला दिवस आहे १९२३ च्या जूनमधला. युद्ध थांबून साडेचार वर्षे लोटली आहेत. सेप्टिमस स्मिथचे मात्र संपलेले नाही. युद्धबंदीच्या तोंडावर त्याचा मित्र इव्हान्स पडला, तेव्हा त्याला काहीच वाटले नाही आणि त्याबद्दल त्याने स्वतःला शाबासकीही दिली. तेव्हा न रडलेले दुःख आता भ्रमाच्या रूपाने उभे राहते.

डॉक्टर होम्सच्या मते त्याला काही झालेलेच नाही. ब्रॅडशॉ आजार ओळखतो. पण ‘तोला’चे नाव घेऊन नवराबायकोची ताटातूट करू पाहतो. खरा उपचार घडतो तो घरात. रेझिया टोपी शिवते आहे, सेप्टिमस तिला फुले-फिती लावून देतो आणि दोघे हसतात. कादंबरीतला हा सर्वांत श्रेष्ठ प्रसंग. पुढे होम्स रेझियाला बाजूला सारून जिना चढतो आणि सेप्टिमस खिडकीतून उडी घेतो.

माझी तक्रार यानंतरची आहे. रेझियाला औषध देऊन निजवले जाते आणि कादंबरी मेजवानीकडे वळते. त्या मृत्यूने क्लॅरिसाला जीवनाचा अर्थ उमगतो; विधवेचे नाव पुन्हा निघत नाही. समाजही तिला असाच विसरला, हे लेखिकेला सुचवायचे असेलही. पण जिने ती टोपी पाहिली, तिने रेझियाला झोपेतच सोडून जावे, हे मनाला पटत नाही. सैनिकाच्या जखमेचा उरलेला हिशेब अखेर तिच्याच पदरी पडणार होता.